बारवेवरचा म्हातारा

—न्हाई, हरवली कशाला? पेटी हाय की. जिच्यावर पाय टेकवून बसलाव तीच. राहू द्या, राहू द्या, लोखंडी हाय, तिला काय होत न्हाई. एकशे बेचाळीस ग्राफपेपर हायत आत, नंबरवार, प्रत्येकावर तारीख, डांबरगोळ्या टाकून ठिवल्यात. पण केयूरराव, फोनवर सांगितलं तेच तोंडावर सांगतो — द्यायचे न्हाईत असं न्हाई. तिनं यावं. उत्तरानं स्वतः यावं, तुमी बसलाव त्या खुर्चीवर बसावं, घोटभर चहा घ्यावा आन न्यावेत. बापाची एवढी अट जास्ती हाय का? तुमी काय सांगणार म्हणा, तुमी तिच्याच हापिसातले. पुण्याहून परभणी, परभणीहून ह्या जिंतूरच्या गाडीत हाडं खिळखिळी करून घेतलीव, आन इथं आल्यावर म्हातारा अट घालायलाय. घ्या, चहा घ्या. गोड झाला आसंल. उत्तराची आई सुनेत्रा गेल्यापासून मीच करतो, साखरेचा अंदाज येत न्हाई. बत्तीस वर्षं लोकाच्या जमिनी मोजल्या, इंचाचा फरक पडू दिला न्हाई, आन चमचाभर साखर मोजता येत न्हाई बगा.

कागद कशाला पायजेत ते कळलं मला. नवा गेम काढायलाव, जुन्याचाच. रिमेक. आन जुन्यातल्या चित्रांवर कायद्यानं माझा हक्क हाय, म्हणून सही पायजे. तिनं कागदावर लिवलं ना तसं — ‘चित्रे : अण्णासाहेब’? लिवलं? बरं. म्हणजे नाव तर टाकती. तुमाला वाटत आसंल, मोजणी खात्यातल्या म्हाताऱ्याला गेममधलं काय कळतंय — अहो, ती बारव माझी हाय! तिनं आत जीव घातला, कंप्युटरचं समदं तिचं, पण दगड माझे. चारठाण्याला जुनी देवळं हायत, बारव हाय, तिथं आमी बापलेक लुनावर जायचो. मी टेप धरायचो, ती लिवून घ्यायची. पायरीची उंची साडेनऊ इंच. खांबाचा घेर इतका, कोनाडा इतका खोल. लोक म्हणायचे, अण्णासाहेब, आता देवाच्या बी हद्दी कायम करायलाव का! घरी आलं की पाय धुवायचे आन फरशीवर बसायचं ग्राफपेपर घेऊन. एक चौकोन म्हणजे पडद्यावर एक ठिपका. मी चौकोन भरायचो, ती ठिपके चढवायची. सुनेत्रा भाकरी थापता थापता म्हणायची, दोघंबी येडे झालेत. झालोच व्हतो की. दोन वर्षं झालो व्हतो.

तुमी खेळलाव म्हणता? बारावीला आसताना? आभ्यास बुडवून? — मग तुमाला सांगायची गरजच न्हाई. परकर घातलेली पोरगी, हातात कंदील, खाली उतरत जायचं. सात मजले, एकशे बेचाळीस खोल्या. ह्या दगडावरून त्या दगडावर उडी, खाली इंचू, वटवाघळं, पाणी. मधीच एखादी वाट बंद — ती उघडायची तर दुसरीकडं जाऊन दोर शोधायचा, मग वापस यायचं. तिची उडी बराबर दोन पायऱ्यांची ठिवली व्हती आमी. एकोणीस इंच. जगात कुठं कुठं लोक खेळले. परदेशातल्या एका पोराचं पत्र आलं व्हतं, उत्तरानं मराठीत वाचून दाखवलं. त्यानं इचारलं व्हतं, बारवेच्या तोंडाशी बसलेला म्हातारा कोण हाय म्हणून.

कोण आसणार? मीच.

सोळा चौकोन उंच. टोपी, उपरणं, आन चष्म्याचे दोन पांढरे ठिपके. ते चित्र तेवढं मी न्हाई काढलं, तिनं काढलं. मला न दाखवता. वाढदिवसाला दाखवलं. कंदिलात तेल संपलं, दम लागला, की पोरगीनं वर यायचं, म्हाताऱ्याजवळ बसायचं, आन तेवढं केलं की झालेला खेळ कायम व्हायचा. सेव्ह. कुठंबी मेली — खाली पडली, पाण्यात बुडाली — तरी डोळे उघडायचे म्हाताऱ्याजवळच. तो काय बोलत नव्हता. नुसता जरा सरकून जागा करून द्यायचा. ती सरकायची हालचालबी तिनंच केली व्हती, चार चित्रांत. मी सोप्यावर तसाच सरकतो म्हणे.

दावा ना मला. आणलाव न्हवं लॅपटॉप? दावा. तुमी बोलून मला पटवायलाव त्याच्यापेक्षा बघू द्या.

आरं बापरे... हे तर, हे तर खरंच चारठाणं हाय! उजेड बगा कसा पाडलाय खांबावर. ही आमच्या चौकोनांची बारव राहिली न्हाई आता, पण तीच हाय. शेवाळ दिसायलंय. पाण्याचा आवाज... द्या इकडं, कुठली बटनं? हीच? बोटं इसरली न्हाईत बगा. आन उडी... ही पोरगी हवेत जरा जास्ती राहायली. न्हाई का? दोन पायऱ्यांची न्हाई ही उडी, अडीच तरी हाय. कुणी वाढवली? उत्तरानंच? बरं. वाढवू द्या. पोरगी मोठी दिसती आता, परकर न्हाई. कापलेले केस. बरं, बरं. थांबा, मी वर जातो. वर जातो आन... हां, हे तोंड. हा कोनाडा.

म्हातारा कुठं हाय?

न्हाई, इथंच आसायला पायजे. चौदा चौकोन डावीकडं, मला पाठ हाय. इथं नुसती पणती हाय. पुढं हाय का दुसऱ्या कुठं? खालच्या मजल्यावर नेला? ... मग? ... काढलाय. कोण म्हणलं काढा? ... आन मग सेव्ह कुठं होतं? पोरगी मेली तर जागी कुठं व्हती? ... जिथं उभी व्हती तिथंच. आपोआप. म्हणजे वर यायचं कामच न्हाई. आजकाल समद्या गेमात तसंच आसतं म्हणता — हां, आसंल. आसंल बाबा. आजकाल कुणाला येळ हाय वापस यायला.

तुमी आसं बगू नका माझ्याकडं. मला काय वाईट वाटलं न्हाई. गेम हाय तो. मला फकस्त एक सांगा, काढताना काय म्हणली ती? काहीतरी म्हणली आसंल. चार माणसं बसून ठरवलं आसंल ना? ... नुसतं ‘नको’ म्हणली. बरं.

तुमाला ठाऊक हाय का, तिचं लग्न झालं व्हतं? ठाऊक हाय. मग किती ठाऊक हाय? — राहू द्या, मीच सांगतो, कारण तिनं सांगितलं आसंल ते एका बाजूचं आसंल. गंगाखेडला दिली व्हती. घर चांगलं. आबासाहेब, म्हणजे आमचे व्याही, माझ्याच खात्यात, माझ्यापेक्षा दोन पायऱ्या वर. जावई कॉलेजात क्लार्क. तिनं म्हणलं व्हतं, बाबा, दुसरा गेम अर्धा झालाय, वर्षभर थांबा. मी म्हणलं, तिकडं जाऊन कर, कंप्युटर संगं दिऊ. दिलाबी. टेम्पोत सगळ्यात वर बांधला व्हता, चादरीत गुंडाळून. दिवाळीला आली तर डावा हात गळ्यात. म्हणली, हंडा निसटला. मी म्हणलं, हंडे जड आसतात. सुनेत्रा म्हणली, अहो, तिच्या सासरी नळ हाय, हंडा कशाला उचलंल ती? मी म्हणलं, तू गप. ही पहिली येळ.

दुसऱ्यांदा उन्हाळ्यात. उजव्या हाताची दोन बोटं — ही, मधलं आन त्याच्या बाजूचं — काळीनिळी, वाकडी. कपाटाच्या दारात चेंगरली म्हणली. मग दोन दिवसांनी सुनेत्राला सांगितलं, चेंगरली न्हाईत, चेंगरवली. ती बसून गेमचं काहीतरी वहीत लिवायली व्हती, आन जावयानं हात धरून कपाटात ठिवला आन दार लावलं. कंप्युटर तर कवाच इकला व्हता. ... मी काय केलं म्हणता? मी तिला वापस नेऊन सोडली. स्वतः. कुणावर टाकलं न्हाई. परभणीच्या स्टँडवर रस पाजला. पुढच्या गाडीत तिला खिडकीची जागा मिळाली व्हती, तर ती उठली — मला एसटीत मळमळतं, तिला ठाऊक — म्हणली, बाबा, तुमी इकडं बसा, वारं लागंल. आन मी बसलो. बसलो बगा खिडकीत. ती दांड्याला धरून उभी, त्या बोटांनी धरता येत नव्हतं म्हणून कोपर आडकवून.

तुमी तोंड वाकडं करू नका. तुमच्या पुण्यात सोपं आसंल. इथं लोक — न्हाई, लोकाचं बी काय न्हाई. लोक आठ दिवस बोलतात, नवव्या दिवशी त्यांना दुसरं मिळतं. खरं सांगू का? एक फाईल व्हती. तवा मी दुसऱ्या जिल्ह्यात बदलीवर व्हतो. एका बांधाची खूण मी अकरा फूट सरकवली. एकदाच. बत्तीस वर्षांत एकदाच, कसम खाऊन सांगतो, आन का सरकवली ते इचारू नका. ज्याची जमीन गेली त्यानं अर्ज केला, चौकशी लागली. नोकरी गेली आसती, पेन्शन गेली आसती. आबासाहेबानं ती फाईल आपल्या कपाटात ठिवली. आन वर्षभरानं घरी आला, म्हणला, अण्णासाहेब, तुमची लेक द्या. आता अशा माणसाला न्हाई म्हणतात का? आन दिल्यावर वापस घेतात का? मी काय इकली न्हाई तिला. तसं म्हणू नका. चांगलं घर व्हतं ते. मला तरी चांगलंच दिसलं.

तिसऱ्यांदा आली तवा आमी घरी नव्हतो. हे मातर खरं सांगतो. आमी दोघंबी चारठाण्याला गेलतो, नात्यात बारसं व्हतं. आन नेमकी त्याच दिवशी ती आली. दाराला कुलूप. नशीब बगा. आली, बसली पायरीवर, वाट बघितली आन गेली. शेजारच्या सत्यशीलाबाईनं तिला भाकरी दिली, आपल्या चपला दिल्या, कारण ही अनवाणी आलती — गंगाखेडपासून अनवाणी, एसटीत. त्याच पावली पुण्याला गेली. तिथं कुण्या मैत्रिणीकडं राहिली, मग नोकरी, मग तुमचं हे हापिस. आमाला संध्याकाळी कळलं. नशीब. आमी घरी आसतो तर — आता आसतो तर काय, घेतलीच आसती की घरात. आईबाप हाव. हिरवी साडी व्हती अंगावर, लग्नातलीच, पदराला पिन न्हाई. आधी कुलूप बघितलं, मग दोनदा ओढून बघितलं, एकदा हळू, एकदा जोरात. मग म्हणली, ‘गेलेत वाटतं.’ आपल्याशीच म्हणली. मग पाठ टेकवून बसली दाराला, तवा दार एवढंसं आत आलं आन वरची कडी वाजली —

काय? ... सत्यशीलाबाईनं सांगितलं. ती बघायली व्हती की तिकडून.

... न्हाई, तिच्या अंगणातनं आमचं दार दिसतं. पायरी दिसती. पुटपुटलेलं... ते ऐकू न्हाई यायचं. बरोबर हाय. कडीबी न्हाई. कडी आतनं आसती.

तुमी हुशार हाव केयूरराव. मोजणीत घ्यायला पायजे व्हतं तुमाला.

पहाटं आबासाहेबाचा फोन आला व्हता. म्हणला, तुमची लेक घरातनं गेली, तुमच्याकडंच येईल, घरात घेतली तर ती फाईल मी टेबलावर काढतो. रिटायर व्हायला मला चौदा महिने व्हते. चौदाच. मी उठलो, भाईरनं कुलूप लावलं, आन मागच्या मोरीच्या दारानं आत आलो. सुनेत्राला म्हणलं, चूल पेटवू नको, भांडं वाजवू नको. ती म्हणली, काय झालं? मी सांगितलं. ती दाराकडं निघाली. मी धरली तिला. आठ वाजता पोरगी आली. हितं — ह्या दाराच्या हितं मी बसलो व्हतो खाली, सुनेत्राला मांडीत घट्ट धरून, तिच्या तोंडावर हात ठिवून. ती चावली मला. ह्या अंगठ्याखाली, बगा, अजून उमटलेलं हाय. पोरीची पाठ भाईरनं दाराला, माझी पाठ आतनं. मधी एक इंचाची फळी. आठ ते अकरा. तीन तास. मधी मधी ती हलायची तर मला कळायचं, फळी हलायची. एकदा खोकली. एकदा नुसतं ‘आई’ म्हणली, हाक न्हाई मारली, म्हणली. अकराला सत्यशीलाबाई आली, दोघी कायतरी बोलल्या, आन फळी मोकळी झाली. मी तरी हात काढला न्हाई. गाडी गेल्याचा आवाज येईपर्यंत काढला न्हाई.

सुनेत्रा त्यानंतर तीन वर्षं जगली. माझ्याशी बोलायची — भाजी आणा, गोळी संपली, एवढं. मेली तवा उत्तरा आलती. भाईर उभी राहिली, आत आली न्हाई, पाणी घेतलं न्हाई, आईच्या पायाला हात लावला आन गेली. माझ्याकडं बघितलं. रागानं न्हाई. म्हणून मी धरून चाललो, की तिला ठाऊक न्हाई. तिला वाटतंय, त्या दिवशी घर खाली व्हतं, नुसतं नशीब वाईट व्हतं. कुलूप तर तिनं स्वतः बघितलं ना? मग कसं कळंल? कुणी सांगावं? सुनेत्रानं सांगितलं नसंल, तिला मी शपथ घातली व्हती. आबासाहेब तर वारला, त्याची फाईल कोणत्या रद्दीत गेली देवाला ठाऊक. मग हा म्हातारा का काढला? तेवढं मला कळंना. जागा पुरंना म्हणून काढला म्हणा, जुना दिसायला म्हणा, पण नुसतं ‘नको’? तुमी तिच्या जवळ बसता. कधी कुलपाचं बोलली का? त्या दिवसाचं? मला फकस्त एवढंच सांगा, मग कागद न्या. तिनं यायची गरज न्हाई. अट सोडली मी. सांगा.

... बांगड्या?

... सुनेत्राच्या. हां. काचेच्या व्हत्या, डझनभर. ती झटापट करायली व्हती, मी तोंड धरलं व्हतं, हात कुठं धरले व्हते... वाजल्या आसतील. मला न्हाई आल्या ऐकू. मला माझ्याच छातीचं ऐकू यायलं व्हतं.

कवा? बसल्या बसल्याच? म्हणजे आठलाच. ... आन तरी अकरापर्यंत बसली. ठाऊक आसून. दोघं बी आत हायत हे ठाऊक आसून, पाठ टेकवून, तीन तास — कशासाठी बसली ती? उघडंल म्हणून?

... न्हाई, सांगू नका. मला ते सांगू नका.

हे तिनं तुमाला सांगितलं. तुमाला. हापिसातल्या माणसाला हे कुणी सांगत न्हाई. तुमी कोण तिचे? — राहू द्या. तेबी सांगू नका. तो इचारायचा हक्क माझा न्हाई. सही कुठं करायची ते दाखवा. इथं? आन इथं. वाचायचं काय त्यात. पेन चालंना, दुसरा द्या. झालं. तारीख तुमीच टाका.

उठा. अडीचची परभणी गाडी मिळंल, भरभर चालला तर. चहा राहू द्या, गार झालाय. न्हाई, निरोप काय न्हाई. एक कागदबी मी ठिवून घेत न्हाई, समदे न्या, मोजून न्या पायजे तर. दोन्ही हातांनी धरा, जड हाय ती. मी भाईरपर्यंत येत न्हाई. आन मधीच थांबून असं मागं बगू नका — चला, निघा. निघा म्हणलं ना.